पाताळात बसलेला थोरला

एकदा एक गृहस्थ ऐन दिवाळीत घराला कुलूप लावून नदीकाठच्या मठीत राहायला गेला. एकदा कसला, दरवर्षीच जायचा. पण गोष्ट घडली ती एकाच वर्षी, म्हणून आपण एकदा म्हणायचे.

त्याचे नाव त्र्यंबक. पन्नाशी उलटलेली, पत्नी निवर्तलेली, मुलगा दूरच्या शहरात आपल्या संसारात रमलेला. लोकांना तो सांगायचा, साधनेसाठी जातो. साधना कसली डोंबलाची! सणाच्या दिवशी शेजारच्या घरातून उटण्याचा वास यावा, पोराबाळांचा गलका ऐकू यावा आणि आपल्या दाराची कडी मात्र कोणी वाजवू नये, हे त्याला सोसवत नसे. एकटेपणाला साधना म्हटले की जरा बरे दिसते, इतकेच.

त्या मठीत एक वृद्ध राहत. लोक त्यांना तात्या म्हणत. ते भगवे नेसत नसत, गादीवर बसत नसत, कोणाला पायाही पडू देत नसत. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढली होती. देशोदेशीच्या खलाशांना जेवू घातले आणि बदल्यात त्यांच्या गोष्टी ऐकल्या. कोणी काही विचारले तर तात्या उपदेश न करता एखादी गोष्ट सांगत, आणि ती बहुधा ग्रीक लोकांच्या देवांची असे. कोणी विचारलेच, की तात्या, आपले देव काय कमी पडले, तर म्हणत, "आपल्या देवांच्या गोष्टी तुम्हाला पाठ आहेत. त्यामुळे तुम्ही त्या ऐकत नाही."

आता त्र्यंबकचे दुखणे सांगतो. दुखणे मानपानाचे होते, आणि मानपानाच्या दुखण्याला आपल्याकडे औषध नाही.

तो तीन भावंडांतला मधला. थोरली बहीण वेणूताई, मग हा, मग धाकटा दत्तू. काही वर्षांपूर्वी वेणूताईच्या मुलीचे लग्न होते. मुलीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. आणि मामा दोन असले की थोरल्याचा, यात शंका नाही. त्र्यंबक सकाळीच फेटा बांधून कार्यालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसला. का? तर कोणीतरी येईल, हाताला धरून म्हणेल, "चला मामा, मुलगी खोळंबली आहे." आपणहून उठून जायला तो काय आचारी होता? इकडे मुहूर्त जवळ आला. भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." एकदा केला, दोनदा केला. मागच्या खोलीत तो स्पष्ट ऐकू येत होता, हे त्र्यंबकनेच नंतर कबूल केले. पण पुकारा म्हणजे बोलावणे नव्हे! शेवटी दत्तू समोर उभा होता, त्याने पुढे होऊन भाचीला हाताला धरून नेले. मंगलाष्टके सुरू झाली. आणि थोरला मामा मागच्या दाराने, फेट्यासकट, न जेवता निघून गेला.

पहिल्या एक-दोन भाऊबिजांना वेणूताईने निरोप धाडला. हा गेला नाही. मग निरोप थांबले. आणि मग याला नवा राग आला, की निरोपसुद्धा पाठवत नाही! पुढे दत्तू नोकरीसाठी परमुलखात गेला, वेणूताईचे यजमान वारले, मुलगी सासरी नांदत होती. एवढ्या मोठ्या घरात ती एकटी उरली. हे सगळे त्र्यंबकला कानोकानी कळत होते. तो ऐकून घ्यायचा आणि विषय बदलायचा.

त्या वर्षी भाऊबीज होती. तात्यांचा नियम असा, की सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचे, जहाजावरची सवय. त्र्यंबकने भात टाकला होता, तात्यांनी डाळ फोडणीला घातली होती. पाने वाढण्यापूर्वी तात्यांनी नेहमीसारखा भाताचा पहिला घास तूप घालून चुलीत ठेवला. त्याचे कोणाला काही वाटायचे कारण नव्हते. घरोघरी अग्नीला आधी दाखवतात. पण जेवणे होत आली तसे तात्या म्हणाले, "पातेल्याच्या तळाशी घासभर भात राहू दे. चुलीसाठी."

त्र्यंबक रोज हे बघत होता, रोज गिळत होता. आज मात्र त्याला राहवेना.

"तात्या, रागावू नका. पहिला घास अग्नीला, हे समजलं. पण सगळ्यांची पोटं भरल्यावर तळाची खरवड देवाला? देवाचा काही मान आहे की नाही?"

"तिनेच मागून घेतलंय तसं," तात्या म्हणाले.

"कोणी?"

"एका थोरल्या बहिणीने. भात संपव, सांगतो."

त्र्यंबकने भात संपवला. तात्या भिंतीला टेकले.

"ग्रीकांच्या देवांत सहा भावंडं होती. थोरली हेस्टिया, मग डिमीटर, मग हेरा. पाठीवर तीन भाऊ. हेडीस, पोसायडन आणि शेंडेफळ झ्यूस. बापाचं नाव क्रोनस. त्याला कोणीतरी सांगितलं, तुझं पोर तुझं राज्य घेणार. आपल्या कंसाला सांगितलं तसंच. पण कंस निदान भाच्यांच्या मागे लागला. हा स्वतःचीच पोरं गिळायला लागला. चावायचा नाही हां, अख्खी. त्यामुळे पोरं आत जिवंत."

"काय बाप तरी!"

"एकेक करून पाच गिळली. सहाव्या वेळी आई शहाणी झाली. आपल्या बायका बारशाला वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवतात ना, तसा तिने एक धोंडा दुपट्यात गुंडाळून नवऱ्यापुढे धरला. त्याने गिळला. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. अरे, मी जन्मभर लोकांना वाढलंय. पानात काय पडलंय ते न बघता जेवणारे पुष्कळ पाहिले, पण असला नाही पाहिला."

त्र्यंबकला हसू आले. पुष्कळ दिवसांनी आले असावे, कारण हसता हसता त्याला ठसकाच लागला.

"झ्यूस बाहेर लपूनछपून वाढला. मोठा झाल्यावर त्याने बापाला ओकारीचं औषध पाजलं. मग काय, जे शेवटी आत गेलं ते आधी बाहेर. आधी धोंडा, मग पोसायडन, मग हेडीस, मग हेरा, डिमीटर, आणि पहिली गेलेली हेस्टिया सगळ्यांच्या शेवटी. अंगं पुसून होतात न होतात तोच भांडण सुरू."

"कशावरून?"

"थोरला कोण यावरून. भावाभावांत दुसरं काय असतं? हेडीस म्हणाला, माझा जन्म आधीचा. झ्यूस म्हणाला, असेल. पण तू बाहेर आलास आत्ता. मी तुला येताना या डोळ्यांनी पाहिलंय. मी तुझ्याहून मोठा."

"हा शुद्ध कांगावा झाला!" त्र्यंबक सरसावून बसला. "हेडीस थोरला. यात वाद कसला?"

"तेच त्याचंही म्हणणं. शेवटी तिघांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश आलं, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला पाताळ."

"बघा! थोरल्याच्या वाट्याला पाताळ! डावललं ना त्याला?"

"चिठ्ठी होती, त्र्यंबक. मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं. पण हेडीसलाही तुझ्यासारखंच वाटलं. तो खाली जाऊन बसला तो बसलाच. वर देवांच्या पंगती झडायच्या, हा यायचा नाही. का? तर मला रीतसर बोलवायला कोणी आलं नाही. पाताळात कोण कशाला येतंय बोलवायला? दाराशी त्याने कुत्रा बांधला, तोही तीन डोक्यांचा. एका डोक्यावर भागलं असतं. आणि आलेल्या पाहुण्याला परत जाऊ द्यायचं नाही, असा नियम केला. लोक म्हणतात, किती कठोर देव. मला नाही तसं वाटत. एकट्या माणसाकडे कोणी आलं, की त्याला सोडवत नाही."

फेट्याची गोष्ट त्र्यंबकने तात्यांना पहिल्याच वर्षी सांगितली होती, आणि तात्यांनी ती आजवर पुन्हा काढली नव्हती.

"आणि ती थोरली? हेस्टिया?" त्याने विचारले. विषय बदलायची त्याची जुनी खोड होती.

"तिचंच सांगायचंय. वर देवांच्या पंगतीला बारा पाट होते. एके दिवशी तेरावा देव आला, एक नवा, तरुण. झाली पंचाईत. कोणीही उठेना. सगळे आपापल्या पाटाला चिकटून. हेस्टिया उठली. म्हणाली, माझा घे. आणि ती जाऊन चुलीशी बसली. सगळ्यांत थोरली! तिने ना कुरकुर केली, ना तोंड फिरवलं. देवांना लाज वाटली. म्हणाले, ताई, बदल्यात काहीतरी माग. ती म्हणाली, प्रत्येक जेवणातला पहिला घास मला द्या, आणि शेवटचा."

"पहिला समजू शकतो. तो मानाचा. शेवटचा कशाला?"

"मलाही हाच प्रश्न पडला होता. ज्या खलाशाने गोष्ट सांगितली त्यालाही उत्तर ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकी. सगळ्यांचं आटोपल्यावर, भांडी घासून झाल्यावर, एकटाच भटारखान्यात बसून जेवायचो. एके दिवशी तसाच जेवताना मला कळलं." तात्यांनी लाकूड पुढे सारले. "बापाच्या पोटात पहिली कोण गेली? ती. आत काळोख, आणि दुसरं कोणी नाही. किती काळ एकटी होती कोण जाणे. मग एकेक भावंड येत गेलं. तिने त्यांना चाचपून जवळ घेतलं असेल, रडणाऱ्याला गप्प केलं असेल. दुसरं कोण होतं तिथे? आणि सुटायची वेळ आली तेव्हा एकेक जण बाहेर पडला. मागे वळून बघायला त्यांना फुरसत कुठली! शेवटी पुन्हा ती एकटी, त्याच काळोखात. कोणी यायच्या आधीचं एकटेपण तिने पाहिलं आणि सगळे गेल्यानंतरचंही. म्हणून दोन घास. पहिल्या घासाला मान म्हणतात लोक. मान कसला? सोबत मागितली तिने, दुसरं काही नाही."

चुलीत लाकूड तडतडले. ओसरीवरून नदी दिसत होती, पलीकडे चढण, चढणीवर काही घरे. उन्हे उतरली होती.

"तुझी आई शेतावर जायची तेव्हा घरात कोण असायचं?" तात्यांनी सहज विचारावे तसे विचारले.

"ताई," त्र्यंबक म्हणाला. "मी व्हायच्या आधी तिला आतून कडी लावून एकटीलाच ठेवायचे म्हणे. मी झाल्यावर ती मला मांडीवर घेऊन बसायची. सांगायची, तू आलास आणि माझी भीती गेली."

त्याने रिकामे पान बाजूला सारले.

"आपल्याकडेही पाताळात बसलेला एकजण आहे," तात्या म्हणाले. "यम. त्याच्याकडेही कोणी आपणहून जात नाही. त्याला कामं कमी नाहीत, आणि मान म्हणशील तर त्याचं नाव काढलं की माणसं चळाचळा कापतात. पण आजच्या दिवशी तो उठतो, बहिणीच्या घरी जातो आणि पाटावर बसून जेवतो. बोलावण्याची वाट बघत बसत नाही. त्या हेडीसच्यात आणि आपल्या यमात एवढाच फरक, त्र्यंबक. एकजण वर्षातून एकदा उठतो."

"तिने निरोप पाठवणं बंद केलं, तात्या."

"आले तेव्हा किती निरोपांना गेलास?"

तात्या आता जरा वैतागलेच.

"आणि एक सांग. या नदीला वर-खाली मठ काय थोडे आहेत? ते सगळे सोडून तू दर दिवाळीला या माझ्या गळक्या मठीत येतोस. संध्याकाळ झाली की ओसरीवर बसतोस, तोंड पलीकडे करून. त्या चढणीवरचं तिसरं घर कोणाचं आहे, हे मला ठाऊक नाही असं वाटतं का तुला?"

त्या घरात अजून दिवा लागला नव्हता. त्र्यंबकने वर पाहिले. पश्चिमेला, मावळतीच्या तांबूस रंगात, द्वितीयेची बारीक कोर दिसू लागली होती.

"ज्या बहिणीकडे भाऊ येत नाही ती आज कोणाला ओवाळते?" तात्यांनी विचारले.

हे काय कोणी सांगायला हवे? लहानपणी शेजारच्या एका काकूंना त्याने पाहिले होते. त्यांना भाऊ नव्हता. अंगणात उभ्या राहून त्या चंद्राला ओवाळायच्या, आणि वेणूताई याला कोपराने ढोसून म्हणायची, "मला बाई नाही गरज, माझे दोन आहेत."

त्र्यंबक ताडकन उठला. "किती वेळ राहतो हो हा?"

"बीजेचा आहे. फार बसत नाही. ऊठ, होडी सोडू."

"हात रिकामे आहेत माझे. ओवाळणी काय घालू?"

"आधी पोच तर! तबकात काय पडलं ते बघत बसणारी असती, तर तू या काठावर बसून झुरला नसतास."

तो निघाला, आणि दारातून मागे फिरला. "तळाचा घास राहिला, तात्या. चुलीत ठेवायचा."

"राहू दे," तात्या म्हणाले. "तो सगळे गेल्यावरच ठेवायचा असतो. परत आलो की ठेवीन."

तात्यांनी स्वतः होडी वल्हवली. कार्तिकातली नदी, पाणी संथ. काठाला टेकल्यावर त्र्यंबक म्हणाला, "तुम्हीही चला ना. एकटे परत जाऊन काय करणार?" तात्यांनी वल्ह्याने काठाला रेटा दिला आणि होडी वळवली. म्हणाले, "मला काठावर बसून बघायचं आहे, तिसऱ्या घरात आज किती वेळ दिवा राहतो ते."

चढण त्र्यंबकने जवळजवळ धावतच चढली. या वयात धावणे शोभत नाही, पण बघायला होते कोण? कोर आता समोरच्या टेकडीवर टेकायला आली होती. तिसऱ्या घराचे फाटक उघडे होते. अंगण सारवलेले, रांगोळी घातलेली. रांगोळीच्या मध्ये एक पाट मांडलेला आणि पाटावर कोणी नाही. तुळशीजवळ वेणूताई उभी होती, पाठमोरी नव्हे, पश्चिमेकडे तोंड करून. आणि फाटकही नेमके पश्चिमेला. केस पांढरे झाले होते. हातात तबक, तबकात निरांजन.

तो फाटकात थबकला. धाप लागली होती. निरांजनाच्या उजेडामुळे तिला समोरचे नीट दिसत नसावे. तिला दिसले ते एवढेच, की कोणीतरी येऊन वाटेत उभे राहिले आहे.

"कोण ते?" ती म्हणाली. "जरा बाजूला व्हा हो. चंद्र दिसत नाही."

"ताई," तो म्हणाला.

तबक हलले. ज्योत कापली, पण विझली नाही. त्याला वाटले, वेणूताई आता रडेल, नाहीतर चांगली फैलावर घेईल. दोन्हीला तो तयार होता. तिने मात्र पदराने डोळे पुसले आणि अगदी लहानपणी दटावायची त्याच आवाजात म्हणाली, "आलास? ये. पण तिथे तुळशीपाशी थांब. आधी त्याला ओवाळून होऊ दे. इतकी वर्षं मेला एकटाच येतोय, न बोलावता. आज तू आलास म्हणून त्याला डावलू?"

त्र्यंबक बाजूला झाला.

तिने सावकाश ओवाळले. आकाशाकडे अक्षता टाकल्या, हात जोडले. घाई केली नाही. ज्याने एका पुकाऱ्यावरून सगळे सोडून दिले होते, तो थोरला मामा, थोरला भाऊ, तुळशीपाशी हात बांधून आपल्या पाळीची वाट बघत उभा राहिला, आणि पहिला मान दुसऱ्याला गेल्याचे त्याला काहीच वाटले नाही. कोर टेकडीआड गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती त्याने लपवली नाही.

वेणूताई वळली. निरांजनाची वात पुढे सारून म्हणाली, "बस आता. जेवलास का?"

तो पोटभर जेवला होता.

"नाही," तो म्हणाला, आणि इतकी वर्षे त्याच्यासाठीच मांडून ठेवलेल्या पाटावर बसला.